भिजलेल्या पत्र्यावरची परीक्षा

इपॉक्सी कोटिंग विकत घेणारं गिऱ्हाईक पहिला प्रश्न कडकपणाचा विचारतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला फॅब्रिकेटर असो, डोंबिवली एमआयडीसीतला रसायन कारखाना असो की अंबरनाथच्या आनंदनगरमधलं औषधांचं युनिट असो, प्रत्येकाला ‘हार्ड’ कोटिंग हवं असतं. नखाने ओरखडा उठू नये, पेन्सिलची चाचणी वरच्या अंकावर पास व्हावी, किल्ली आपटली तर आवाज खणखणीत यावा. फॉर्म्युलेशन बांधणारे आम्हीही ही मागणी निमूटपणे पुरवतो. कडकपणा पाच मिनिटांत टेबलावर दाखवता येतो, चिवटपणा तसा दाखवता येत नाही, आणि जे दाखवता येत नाही त्याचे पैसे मागणं अवघड जातं. अनेक वर्षं या कामात राहून माझं मत मात्र उलट झालं आहे. खाडीच्या दमट हवेत, अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात, इपॉक्सी ताकद कमी पडली म्हणून क्वचितच निकामी होतं. एक तर त्याचा चिवटपणा कमी पडतो, नाही तर ओल शिरल्यावर त्याची पोलादावरची पकड सुटते. म्हणून इपॉक्सीत घालायचा पूरक रेणू निवडताना चिवटपणा आणि ओल्या अवस्थेतली पकड आधी बघावी, ताकदीचा आकडा नंतर. शिवाय ही निवड कोरड्या पत्र्यावर करू नये, पाण्यात ठेवून काढलेल्या पत्र्यावर करावी. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढे आहेत ती त्याची कारणं, आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या हरकतींची उत्तरं.

आधी ताकद आणि चिवटपणा वेगळे कसे ते बघू. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं द्रव इपॉक्सी रेझिन बिसफेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून बनतं. त्यात अमाइन हार्डनर मिसळला की रेणूंच्या टोकांची कडी उघडतात, एकमेकांना जोडली जातात आणि सगळीकडून बांधलेलं त्रिमितीय जाळं तयार होतं. जाळं जितकं दाट, तितकं ते ताठ, रसायनांना दाद न देणारं, आणि तितकंच ठिसूळ. नीट जमलेल्या अशा इपॉक्सीची ताणताकद साधारण ६० ते ८० मेगापास्कल भरते. हा आकडा माहितीपत्रकात ठळक छापला जातो आणि वाचणाऱ्याला भुरळ घालतो. प्रत्यक्षात ब्लास्टिंग केलेल्या पोलादावरून तेच कोटिंग डॉली, म्हणजे धातूची छोटी गोटी, चिकटवून ओढलं तर दहा-पंधरा मेगापास्कललाच ते सुटतं किंवा आतून तुटतं. काँक्रीटच्या फरशीवर तर दीड-दोन मेगापास्कलला काँक्रीटचाच पापुद्रा निघून येतो. म्हणजे कोटिंगच्या स्वतःच्या ताकदीचा बराचसा भाग कधी कामीच येत नाही. चिवटपणाचा हिशेब निराळा आहे. एखादी बारीक चीर पुढे सरकायला प्रत्येक चौरस मीटरमागे किती ऊर्जा लागते, हे त्याचं माप. साध्या, काहीही न मिसळलेल्या इपॉक्सीत ते शंभर ते अडीचशे ज्यूलच्या घरात असतं. काचेपेक्षा ते कितीतरी बरं, पण पडलेला पाना, ट्रॉलीचं चाक किंवा जोराने आवळलेला बोल्ट यांच्यापुढे फारच थोडं. कोटिंगमध्ये चीर नाही असं कधी नसतंच. कडेला, वेल्डवर, बोल्टच्या डोक्याभोवती, जिथे फिल्म पातळ पडते तिथे ती असतेच. प्रश्न एवढाच, की ती तिथे थांबते की पुढे धावते.

हा ठिसूळपणा कमी करण्याचा पहिला यशस्वी मार्ग १९६० च्या दशकात अमेरिकेत निघाला. बी. एफ. गुडरिच कंपनीचं टोकांना आम्लगट असलेलं द्रवरूप नायट्राइल रबर, ज्याला धंद्यात सीटीबीएन म्हणतात, ते घेऊन एमआयटीतल्या फ्रेडरिक मॅकगॅरी यांनी मूलभूत काम केलं. हे रबर रेझिनमध्ये सुरुवातीला विरघळलेलं असतं. जाळं वाढत जातं तसतसं ते वेगळं पडतं आणि काही मायक्रॉनांचे गोळे होऊन इपॉक्सीभर पसरतं. चीर जवळ आली की या गोळ्यांमध्ये पोकळ्या पडतात, भोवतालचं इपॉक्सी ओढलं जातं, सरकतं, आणि चिरेची ऊर्जा त्यातच खर्ची पडते. शंभर भाग रेझिनला दहा-पंधरा भाग रबर घातलं की चीर पुढे नेणारी ऊर्जा दहापट किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. त्याबदल्यात ताठरपणा थोडा उतरतो. पुढे कारखान्यातच घडवलेले, आत रबर आणि बाहेर कडक कवच असलेले शे-दोनशे नॅनोमीटरचे कण आले. त्यांचा फायदा असा, की हार्डनर कोणता, तापमान किती, याने गोळ्यांचा आकार बिघडत नाही. आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे त्याच ड्रममधला माल जानेवारीत वीस अंशांना आणि मे महिन्यात अडतीस अंशांना लावला जातो, तिथे हा फायदा लहान नाही. १९९७ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या फ्रँक बेट्स यांच्या गटाने ब्लॉक कोपॉलिमरचा रस्ता दाखवला: रेणूचा अर्धा भाग इपॉक्सीत मिसळणारा, अर्धा न मिसळणारा, त्यामुळे तो आपोआप नॅनो आकाराच्या पुंजक्यांत जुळतो आणि पाच टक्क्यांच्या आत-बाहेर मात्रेतही चिवटपणा वाढवतो, ताठरपणाला फारसा धक्का न लावता. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. इपॉक्सीचं मुख्य जाळं जवळजवळ आहे तसंच राहतं, फक्त चिरेच्या वाटेत अडथळे उभे राहतात.

दुसरा रस्ता याच्या नेमका उलटा आहे, आणि रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला तो जास्त मोहक वाटत आला आहे. १९८० च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी इपॉक्सीचे ‘फॉर्टिफायर’ म्हणून काही छोटे रेणू मांडले. त्यातला एक चार-हायड्रॉक्सी-अ‍ॅसिटॅनिलाइडपासून बनवलेला होता. हे लांबलचक नाव म्हणजे दुसरंतिसरं काही नसून तापावर आपण घेतो ते पॅरासिटामॉल. त्याची फिनाइल ग्लायसिडिल ईथरशी सांधेजोड केली आणि तो रेणू इपॉक्सीत मिसळला, तर ताकद आणि ताठरपणा दोन्ही ठळकपणे वाढले. रबराने जे घडतं त्याच्या विरुद्ध हे. कारण असं की जमलेल्या जाळ्यात रेणूंच्या मध्ये बारीक रिकाम्या जागा राहून जातात. दगडी भिंत बांधताना गवंडी मोठ्या दगडांच्या फटीत चिपा ठोकतो, तसे हे छोटे, ध्रुवीय रेणू त्या जागांत जाऊन बसतात आणि जाळ्याच्या साखळ्यांची बारीकसारीक हालचाल बंद करतात. हालचाल बंद झाली की पदार्थ ताठ होतो. पण त्याच वेळी साखळ्यांमधली मोठी, सामूहिक हालचाल सोपी होते, म्हणजे ज्या तापमानाला इपॉक्सी काचेसारखं राहणं सोडून मऊ पडायला लागतं, ते काचसंक्रमण तापमान खाली येतं. ओव्हनमध्ये पक्कं केलेल्या कॉम्पोझिटमध्ये किंवा विमानाच्या भागांना लावायच्या अ‍ॅडहेसिव्हमध्ये हा व्यवहार परवडतो, कारण तिथे हे तापमान मुळातच दीडशेच्या आसपास किंवा वर असतं आणि दहा-वीस अंश दिले तरी भरपूर उरतं. उघड्यावर, नुसत्या हवेच्या तापमानाला वाळणाऱ्या आपल्या कोटिंगकडे मात्र देण्याजोगं काही शिल्लक नसतं.

ते का, हे आकड्यांत मांडून बघण्यासारखं आहे. तीस अंशांना जमलेल्या इपॉक्सीचं काचसंक्रमण तापमान साधारण पन्नास ते साठ अंशांच्या आसपास येऊन अडतं. जाळं आखडलं की उरलेल्या रेणूंना एकमेकांपर्यंत पोहोचताच येत नाही, म्हणून प्रक्रिया अर्धवट थांबते. आता पावसाळा येतो. इपॉक्सी वजनाच्या एक ते चार टक्के पाणी पिऊ शकतं आणि ढोबळ अंदाजाने प्रत्येक टक्का पाणी ते तापमान आणखी दहा ते वीस अंशांनी खाली ओढतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिजलेल्या कोटिंगचं मऊ पडण्याचं तापमान मग पस्तीस-चाळीसवर येऊन ठेपतं. त्यानंतर येतो ऑक्टोबर. कोटिंगमध्ये पाणी अजून आहे, आणि उन्हात तापलेलं पोलाद पन्नासच्या पुढे गेलेलं आहे. या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक असतं, की टाक्यांवरचे आणि पाइपांवरचे फोड भर पावसात फारसे दिसत नाहीत. ते दिसायला लागतात ऑक्टोबरच्या उन्हात. अशा फिल्ममध्ये जाळ्याला न जोडलेला छोटा रेणू घालणं म्हणजे आधीच खाली आलेलं तापमान आणखी खाली ढकलणं. शिवाय जो रेणू जोडलेला नाही, तो पाण्याबरोबर हळूहळू बाहेर निघतो. सॉल्व्हंटविरहित कोटिंगच्या हार्डनरमध्ये घातला जाणारा बेंझिल अल्कोहोल याचं सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण आहे. तो थंडीत माल पातळ ठेवतो, प्रक्रियेला वेग देतो, आणि नंतर वर्षानुवर्षं फिल्ममधून झिरपत राहतो. पाण्यात थोडाफार विरघळणारा असा पदार्थ फिल्मच्या तळाशी साठला, की बाहेरचं पाणी परासरणाने आत ओढलं जातं आणि फोड येतो. त्यामुळे माझ्या लेखी पहिली अट ही, की पूरक रेणूचं निदान एक टोक जाळ्यात बांधलं गेलं पाहिजे. नुसता फटीत बसलेला पाहुणा नको.

ताठरपणाचं आणखी एक देणं आहे, ज्याकडे इथले कंत्राटदारच नव्हे तर फॉर्म्युलेशन करणारेही काणाडोळा करतात. जमताना इपॉक्सी आकसतं. शिवाय तापमान उतरलं की ते पोलादाच्या चौपट-पाचपट वेगाने आखडू पाहतं. पोलादाचा प्रसरण गुणांक दर अंशाला सुमारे बारा दशलक्षांश, इपॉक्सीचा पन्नास-साठ. खालचं पोलाद मात्र त्याला आखडू देत नाही, म्हणून फिल्ममध्ये कायमचा ताण अडकून राहतो. हा ताण फिल्मला कडेपासून सोलायला जी ऊर्जा पुरवतो, ती जाडीच्या प्रमाणात आणि ताठरपणाच्याही प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट केली की ती ऊर्जा दुप्पट. ताठरपणा तीस टक्के वाढवला की तीही तीस टक्के जास्त. कोरडी पकड भक्कम असेल तर हे चालून जातं. पण ओल शिरून पकड ढिली झाली की हाच अडकलेला ताण कोटिंग उचलतो. ‘मजबुतीसाठी’ एक हात जास्त मारणारा ठेकेदार आणि ‘मजबुतीसाठी’ फॉर्टिफायर घालणारा केमिस्ट, दोघं नकळत एकाच बाजूला जोर लावत असतात.

यावर कुणी म्हणेल, की हे सगळं कागदावरचं आहे, पुरावा काय. पुरावा दूर फ्लोरिडात आहे आणि जवळ ठाण्याच्या खाडीतही आहे. फ्लोरिडा कीज बेटांना जोडणाऱ्या पुलांमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटापासून इपॉक्सीचं पावडर कोटिंग केलेल्या सळ्या वापरल्या गेल्या. प्रयोगशाळेत त्या उत्तम उतरल्या होत्या. १९८६ मध्ये, म्हणजे काही वर्षांतच, लाँग की पुलाच्या खांबांमध्ये त्याच सळ्या गंजलेल्या आढळल्या. तपासात दिसलेली महत्त्वाची गोष्ट अशी, की जिथे गंज अजून पोहोचलाही नव्हता तिथेसुद्धा ओल्या काँक्रीटमध्ये राहून कोटिंगची पोलादावरची पकड सुटलेली होती. वाकवताना आणि वाहून नेताना पडलेले टवके, आणि भिजल्यावर सुटलेली पकड, ही दोन कारणं मिळून तो निकाल लागला. कोटिंगच्या ताकदीचा त्यात काही दोष नव्हता. आपल्याकडे अशा सळ्यांसाठी आयएस १३६२० हे मानक १९९३ साली आलं आणि वाकवण्याची चाचणी त्यात आहे, ही चांगली गोष्ट. ठाण्याच्या खाडीवर वाशीला जाणारा रस्त्याचा पहिला पूल १९७३ साली खुला झाला. त्यातल्या पूर्वताणित तारांना गंजाने ग्रासलं, दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल उभा राहिला. तो दोष इपॉक्सीचा नव्हता. पण खाडीची ओल आणि क्लोराइड किती लवकर आत शिरतात, याचा तो या भागातला सगळ्यात महागडा दाखला आहे. उलट बाजूने कल्याणचा पत्रीपूल पाहा. शंभरी ओलांडलेला तो पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि जानेवारी २०२१ मध्ये नवा खुला झाला. त्या काळातल्या पोलादी पुलांना सहसा शेंदूर आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा लेप असे. ताकदीच्या कोणत्याही आधुनिक चाचणीत तो नापास झाला असता. पण तो लवचीक होता, गंजाच्या फटींत मुरत होता आणि पोलादाबरोबर हलत होता. शिसं विषारी म्हणून तो गेला ते योग्यच झालं. परत आणावा असं माझं म्हणणं नाही.

मग आपल्या हवेत कोणते रेणू कामाचे? माझी पहिली पसंती सिलेनला. ग्लायसिडॉक्सी-प्रोपिल-ट्रायमिथॉक्सी-सिलेन या रेणूचं एक टोक इपॉक्सीचं असतं आणि दुसरं टोक पाणी लागलं की पोलादावरच्या ऑक्साइडशी किंवा काँक्रीटमधल्या सिलिकेटशी बंध जोडतं. काचतंतूंच्या उद्योगाने हा धडा फार पूर्वीच घेतला: काचतंतूंचं कॉम्पोझिट कोरडं असताना मजबूत आणि भिजलं की दुबळं, ही अडचण सिलेननेच सोडवली. आपल्या कोटिंगमध्ये रेझिनच्या अर्ध्या ते दोन टक्क्यांत काम भागतं. पण त्याला एक खोड आहे आणि ती पावसाळ्यातच दिसते. सिलेनला पाणी हवं असतं ते पत्र्यावर. ड्रममध्ये मिळालं तर तो तिथेच खर्ची पडतो. गोदामात दोन महिने दमट हवा खाल्लेली टाल्क आणि सिलिका रेझिनमध्ये दळली, की पावसाळी बॅचमधला अर्धाअधिक सिलेन भरणाऱ्या पावडरीलाच चिकटून बसतो आणि पोलादाच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून पावडरी वाळवून घेणं, सिलेन दळणीनंतर शेवटी घालणं आणि त्या बॅचची वापरमुदत कमी धरणं, हे टाळता येत नाही. दुसरी पसंती कोकणातून येते. काजूच्या टरफलाच्या तेलातून मिळणारं कार्डनॉल हे एक फिनॉल आहे आणि त्याला पंधरा कार्बनांची लांब शेपटी आहे. फॉर्मल्डिहाइड आणि अमाइनशी त्याचा संयोग केला की फिनॅल्कामाइन नावाचे हार्डनर मिळतात. त्यांची शेपटी पाण्याला दूर ठेवते, जाळ्याला थोडी लवचीकता देते, आणि मुख्य म्हणजे ती जाळ्यातच बांधलेली असते, झिरपून जात नाही. दमट हवेत साध्या अमाइन हार्डनरवर कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांमुळे जो चिकट, पांढुरका थर येतो आणि ज्यावर दुसरा हात धरत नाही, तोही फिनॅल्कामाइनमध्ये बराच कमी होतो. वेंगुर्ले, चंदगड किंवा गोव्यात काजू फोडल्यावर उरणारं टरफल असं डोंबिवलीतल्या पोलादाच्या कामी येऊ शकतं. अडचण रंगाची. फिनॅल्कामाइन तांबूस-तपकिरी असतं, म्हणून पांढऱ्याशुभ्र फरशीचा हट्ट धरणाऱ्या औषध कंपनीला ते चालत नाही. प्राइमरला मात्र रंगाचं काय घेणं? चिवटपणासाठी वरच्या थरात कवचवाले रबरी कण, प्राइमरमध्ये सिलेन आणि फिनॅल्कामाइन, अशी वाटणी मला सगळ्यात समंजस वाटते.

आता हरकती. सर्वांत वजनदार हरकत साइटवरच्या माणसांची आहे: अपयश दहापैकी नऊ वेळा पृष्ठभागाच्या तयारीचं असतं, केमिस्ट्री उगाळून काय मिळणार? ते बहुतांशी खरं बोलतात. ब्लास्टिंग एसए अडीच या स्वच्छतेच्या पातळीला पोहोचलं नाही, पत्र्यावर विरघळणारे क्षार राहिले, किंवा जुलैमध्ये अठ्ठावीस अंश तापमान आणि नव्वद टक्के आर्द्रतेत काम रेटलं, तर कोणताही रेणू वाचवू शकत नाही. त्या हवेत दवबिंदू सव्वीसच्या जवळपास असतो आणि पोलाद त्याच्यापेक्षा निदान तीन अंश गरम असावं हा नियम पाळणंच शक्य नसतं. पण या हरकतीतून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. तयारी उत्तम झाली तरी पाना पडणार, फोर्कलिफ्ट घासणार, टाकी भरताना-रिकामी होताना पत्रा हलणार, आणि पाणी रेणूरेणूने आत शिरणारच. तयारी पहिल्या दिवसाची पकड देते, पाचव्या पावसाळ्यानंतर त्यातली किती उरेल हे रेणू ठरवतात. सिलेन ब्लास्टिंगच्या ऐवजी वापरणाऱ्याशी माझं भांडण आहे. ब्लास्टिंगनंतर वापरणाऱ्याशी नाही.

दुसरी हरकत रसायन कारखान्यांची, आणि ती मी अर्धी मान्य करतो. तीव्र आम्लाच्या टाकीभोवतीच्या डाइक वॉलला किंवा गटाराला चिवटपणापेक्षा दाट जाळं हवं असतं. तिथे नोव्होलॅक इपॉक्सीच लागतं आणि ते ठिसूळ असतंच. रबर घालून त्याला लवचीक करायला गेलं, तर आम्ल रबराच्या वाटेने आत शिरतं. अशा ठिकाणी चिवटपणा काचतंतूंच्या थरातून किंवा काचेच्या चकत्यांतून आणावा, रेणूंतून नाही. पण एका कारखान्यात अशा जागा किती असतात? पायऱ्या, प्लॅटफॉर्म, पाइपरॅक, कुंपणाचे खांब आणि छतांचे पर्लिन यांच्यावर मूळ आक्रमण पाण्याचं आणि क्षारांचं असतं, आम्लाचं नाही. तरी सरसकट सगळीकडे एकच सर्वांत कडक प्रणाली लिहून द्यायची सवय पडली आहे, कारण लिहिणाऱ्याला तीच सुरक्षित वाटते.

तिसरी हरकत प्रमाणपत्राची: हजार तासांचा सॉल्ट स्प्रे पास आहे, आणखी काय हवं? सॉल्ट स्प्रेच्या पेटीत पस्तीस अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं अखंड चालू असतं. तिथे ऊन नाही, वाळणं नाही, ऑक्टोबर नाही, आघातही नाही. आयएसओ १२९४४ च्या नवव्या भागातली चक्रीय चाचणी त्याहून पुष्कळ शहाणी आहे: ऊन आणि दव, मग मीठ, मग थंडी अशी आळीपाळी. फक्त तिच्यातला उणे वीस अंशांचा दिवस उत्तरेकडच्या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मांसाठी आहे. ठाण्यात उणे वीस कुठून आणणार? शिवाय ती चाचणी चार हजार दोनशे तास चालते, म्हणजे सहा महिने, आणि डोंबिवलीतल्या लहान उत्पादकाला ती न वेळेने परवडते न पैशाने. त्यावर उपाय अवघड नाही. चाळीस अंशांच्या पाण्यात रंगवलेला पत्रा दोन आठवडे ठेवावा, काढून पुसावा आणि तासाभराच्या आत त्यावर पकड ओढून पाहावी, मॅन्ड्रेलवर वाकवून पाहावा, वजन टाकून टवका पाहावा. त्याच बॅचच्या कोरड्या पत्र्याशी ताडून किती टक्के पकड उरली तो आकडा लिहून ठेवावा. यासाठी लागणारी उपकरणं बहुतेक प्रत्येक रंगउत्पादकाकडे आधीच असतात; नसतील त्याला माटुंग्याची आयसीटी ही रसायन-तंत्रज्ञान संस्था लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. १९३३ मध्ये सुरू झालेली ही संस्था म्हणजेच जुनी यूडीसीटी, आणि तिथे रंग आणि लेपांचा अभ्यास दशकानुदशकं चालत आला आहे.

उरते किमतीची हरकत. कवचवाले रबरी कण महाग आहेत आणि ब्लॉक कोपॉलिमर त्याहून महाग, यात वाद नाही. पण एखाद्या टाकीच्या रंगकामाचा हिशेब मांडला तर मचाण, ब्लास्टिंग, मजुरी आणि कारखाना बंद ठेवण्याचा खर्च मिळून रंगाच्या किमतीला कितीतरी मागे टाकतात, आणि रंग तीन वर्षं आधी गेला तर हे सगळं पुन्हा करावं लागतं. लिटरमागे वाढलेली किंमत कोटेशनच्या पहिल्या रकान्यात दिसते. वाचलेलं मचाण कुठल्याच रकान्यात दिसत नाही. खरेदी विभाग पहिल्या रकान्यावर निर्णय घेतो, म्हणून स्वस्त आणि कडक माल जिंकतो. ताकद वाढवणाऱ्या रेणूंना माझा विरोध नाही. भट्टीत पक्क्या होणाऱ्या पावडर कोटिंगमध्ये, मोटारींच्या वाइंडिंगवरच्या लेपात, बंद खोलीतल्या अ‍ॅडहेसिव्हमध्ये त्यांना जागा आहे. खाडीकाठच्या उघड्या पोलादावर ती जागा, आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावर, मला दिसत नाही.

पावसाळ्यापूर्वीच्या रंगकामाच्या निविदा या भागात बहुधा हिवाळ्यातच तयार व्हायला लागतात. महापालिकेचा अभियंता असो, पाणीपुरवठ्याचा असो की कारखान्याचा मेन्टेनन्स मॅनेजर, त्यांनी त्या कागदात कडकपणाच्या ओळीखाली आणखी एक ओळ घालावी: चाळीस अंश पाण्यात दोन आठवडे ठेवल्यानंतरची पकड आणि वाकण्याचा निकाल, कोरड्या पत्र्याच्या निकालासकट, बॅच नंबर घालून. ही ओळ घालायला कोणाचा एक रुपयाही लागत नाही. ती मागितली गेली, तर रेणू कोणते घालायचे याचा विचार आम्ही उत्पादक आपोआपच करायला लागू.